बघणाऱ्याची सही

सृष्टीचा फोन आला तेव्हा मी अंबिकाशी, माझ्या बायकोशी, भांडत होतो. विषय काही मोठा नव्हता. बाल्कनीतल्या कढीपत्त्याला जास्त पाणी घालून कोणी मारलं, एवढाच होता. बत्तीस वर्षं उपग्रहांच्या बॅटऱ्या बांधलेल्या माणसाला निवृत्तीनंतर नगरच्या सावेडीतल्या फ्लॅटमध्ये भांडायला एवढेच विषय उरतात.

"काका, तुम्ही बाबांना समजावा," ती म्हणाली. "ते फक्त तुमचंच ऐकतात."

सृष्टी ही छगनची मुलगी. छगन काष्टीचा, म्हणजे माझ्याच गावचा. माझे वडील तिथे शाळामास्तर होते आणि गावाला पंचांगही तेच सांगायचे. छगनच्या वडिलांची मळ्यात लिंबांची बाग. या छगनला बंगळूरला मीच नेला होता आणि तिथून तो परत आला तोही माझ्यामुळेच. यातली पहिली गोष्ट सगळ्या गावाला माहीत होती. दुसरी फक्त मला.

सृष्टीने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता आणि पुण्याच्या एका कंपनीत तिची निवड झाली होती. काम छोट्या उपग्रहांच्या वायरिंगचं. सोमवारी हो किंवा नाही कळवायचं होतं आणि छगन नाही म्हणत होता.

"कारण काय सांगतो?" मी विचारलं, जसं काही मला ठाऊकच नव्हतं.

"म्हणतात, आपल्या घरच्या हातानं एक उपग्रह बिघडलाय. दुसरा नको."

मी म्हटलं, रविवारी येतो. फोन ठेवला. अंबिकाने विचारलं, चेहरा का उतरला? म्हटलं, ऊन फार आहे. बाहेर मळभ होतं.

आता सगळं सांगतो. सांगायला बारा वर्षं उशीर झाला आहे, पण निदान सुरुवातीपासून सांगतो.

बंगळूरला मी ज्या खासगी कारखान्यात होतो, तिथे आम्ही दिशादर्शक उपग्रहांसाठी वीजव्यवस्था जोडून द्यायचो. या देशात तेव्हा असे उपग्रह नवे होते. आज मोबाईलवर कोणीही वाट शोधतो, पण त्यासाठी वर कोणीतरी अखंड जागं राहावं लागतं. उपग्रहाला ऊन मिळतं तोवर पंखांवरचे सौरपत्रे वीज देतात. पण वर्षातून दोनदा, दिवस-रात्र सारखे होतात त्या सुमाराला, रोज थोडा वेळ पृथ्वीची सावली त्याच्यावर पडते. जास्तीत जास्त सत्तर मिनिटं. असं दीड महिना चालतं. आम्ही त्याला ग्रहणांचा हंगाम म्हणायचो. या हंगामात उपग्रह फक्त बॅटरीवर जगतो.

माझे वडील ग्रहणाचे वेध आणि मोक्ष गावाला सांगायचे, आणि मी ग्रहणात जेवायला घालणारी बॅटरी बनवायचो. हा विनोद मी पाहुण्यांना इतक्यांदा ऐकवला की अंबिका तो येताना दिसला की चहा करायला आत जायची. छगन बॅटरीला रांजण म्हणायचा. "दिवसा भरायचा, सावलीत प्यायचा. गळाया नगं, बास." माझ्या तीनशे पानी अहवालात याहून जास्त काही नव्हतं.

छगन दहावी झाल्यावर आयटीआयमधून वायरमन झालेला. पण हात कसा! केसाएवढ्या तारा तो अशा सोल्डर करायचा की भिंगातून पाहणाऱ्यालाही खोट काढता येत नसे. आमच्याकडे एक रीत होती. प्रत्येक जोडणीच्या कागदाखाली दोन सह्या, एक करणाऱ्याची आणि एक बघणाऱ्याची. आधी काम, मग सही. आधी नजर, मग सही. छगन ही रीत सोवळ्यासारखी पाळायचा. कागद वाचल्याशिवाय त्याने पगाराच्या पावतीवरही सही केली नसती.

आमच्या एका उपग्रहात दोन बॅटऱ्या होत्या. प्रत्येकीला आपापला हीटर आणि आपापला तापमान सांगणारा सेन्सर. बॅटरी गार पडली की सेन्सर सांगणार आणि हीटर चालू होणार. या दोन सेन्सरांच्या चार तारा एका कनेक्टरच्या शेवटच्या ओळीत यायच्या. ऐनवेळी मी त्या ओळीत बदल केला आणि कागदावर हाताने नवं चित्र काढलं. कनेक्टर समोरून पाहिला तर जी पिन उजवीकडे दिसते, ती मागून, तारा जोडायच्या बाजूने, डावीकडे असते. बाकी सगळी चित्रं मी समोरून काढली होती. ही एक ओळ मागून काढली. वर मात्र लिहिलं होतं, 'समोरून'.

पोरकट चूक होती. छगनने कागदाप्रमाणे तंतोतंत काम केलं. मी माझा कागद हातात धरून त्याचं काम तपासलं. माझ्या चुकीशी त्याचं काम बरोबर जुळलं आणि मी सही केली.

चाचणीत काही कळलं नाही, कारण तिथे दोन्ही बॅटऱ्या एकाच पेटीत, एकाच तापमानात. उपग्रह वर गेला, आम्ही पेढे वाटले. मग पहिला ग्रहणांचा हंगाम आला आणि आकडे उलटे दिसायला लागले. पहिली बॅटरी गार पडली की हीटर दुसरीचा चालू व्हायचा. एक गारठत होती आणि दुसरी तापून लवकर म्हातारी होत होती. जमिनीवरून आज्ञा देऊन सांभाळता आलं थोडंफार, पण नुकसान व्हायचं ते झालं. पुढच्या प्रत्येक हंगामात सावलीच्या वेळी तो उपग्रह आपला संदेश बंद करून गप्प बसायचा. ज्याने अखंड जागं राहायचं, तोच.

आकडे पाहिल्यावर मला पाच मिनिटांत सगळं कळलं. दुसऱ्या कोणाला कळायच्या आत मी फाईल काढली. माझ्या हाताने काढलेली ओळ समोर होती, खाली दोन सह्या होत्या.

आपण वाईट माणूस आहोत असं मला तोवर कधी वाटलं नव्हतं. मी जागेवर बसून नवा कागद केला. तीच तारीख टाकली आणि ओळ बरोबर काढली. छगन कामावर होता. त्याच्यासमोर कागद धरला आणि म्हटलं, "छगन, मूळ कागदावर चहा सांडला. नवी प्रत केलीय, सही कर."

त्याच्या हातात सोल्डरची कांडी होती. ती स्टँडला लावून त्याने पेन घेतलं. मला वाटलं, आता वाचणार. तो म्हणाला, "तुमी दिलंय म्हंजे बघायचं काय, साहेब!" आणि सही केली. आयुष्यात न बघता केलेली त्याची ती एकच सही.

चौकशी झाली. उपग्रहातली जोडणी उलटी आणि कागद सुलटा, म्हणजे करणारा चुकला. मग मला विचारलं, तुम्ही बघणारे, तुम्हाला दिसलं कसं नाही? मी मान खाली घालून म्हणालो, "छगनचा हात कधी चुकत नाही, म्हणून मी न बघता सही केली." मोठी चोरी झाकायला लहान चोरी कबूल केली. समितीतल्या एकाने तर माझ्या पाठीवर हात ठेवला. मला ताकीद मिळाली आणि दोन वर्षांनी बढती.

समितीने छगनपुढे तो नवा कागद ठेवला तेव्हा त्याने तो बराच वेळ पाहिला. शेकडो जोडण्या केलेल्या; त्यातली एक आठवणार कशी? शेवटी म्हणाला, "कागूद असा हाय म्हंजे माजा हातच चुकला." त्याला कोणी काढलं नाही. त्याला भांडारात बसवलं. महिनाभराने तो स्वतःच राजीनामा देऊन काष्टीला निघून गेला. तेव्हा सृष्टी नऊ वर्षांची होती.

जुना कागद मी फाडला नाही. का, ते विचारू नका. वडिलांच्या पंचांगाच्या गठ्ठ्यात ठेवून दिला. निवृत्त होऊन नगरला आल्यावर दर दिवाळीला मात्र मी काष्टीला जायचो, फराळाचा डबा घेऊन. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. छगन पायरीपर्यंत सामोरा यायचा.

रविवारी कागद शर्टाच्या आतल्या खिशात घालून निघालो. दौंडकडे जाणाऱ्या एसटीत बसलो. काष्टीच्या स्टँडवर उतरलो तेव्हा दहा वाजले होते. खरं सांगायचं तर तिथे उभं राहून मी नगरला परत जाणारी गाडी कधी आहे, हेही विचारून घेतलं.

मळ्यात छगन लिंबांच्या झाडांखाली बादलीने पाणी घालत होता. साठीला टेकलेला माणूस, गुडघे धरून वाकत होता. शेजारी सौरपंप होता, चकचकीत पत्र्यांचा, आणि बंद.

"तीन दिस झालं," छगन म्हणाला. "घुशीनं केबल खाल्ली. श्रीगोंद्याचा वायरमन आज येतो, उद्या येतो करतोय."

"तू का नाही जोडत?" मी विचारलं, आणि विचारल्याबरोबर जीभ चावली.

"आमी न्हाई हात लावत, साहेब." तो हसला. "बारा वर्सं झाली. घरातला बल्बबी बायकूच बदलती."

सृष्टी बांधावर उभी होती. "मला दहा मिनिटं लागतील, काका. पण मलाही हात लावू देत नाहीत. बाग वाळली तरी चालेल."

"तुला माजाच हात आलाय," छगन तिला म्हणाला. रागावून नाही. एखाद्या घरात दमा असतो, डोळे अधू असतात, तसं तो सांगत होता.

बनुबाई, छगनची बायको, चहा घेऊन आली. आम्ही गोठ्याच्या सावलीला बसलो. खुंटीला दोरीने बांधलेली एक वही लटकत होती. मी सहज उघडली. पानापानावर तारखा होत्या, स्टार्टर बदलला, फ्यूज टाकला, मोटर बांधली, आणि प्रत्येक नोंदीखाली दोन सह्या. करणारा, वायरमन. बघणारा, छगन.

"गाव हसतंय," बनुबाई म्हणाली. "छगनकडं काम म्हंजी दोन सह्या, म्हन्त्यात. वायरमन म्हनूनच लवकर येत न्हाई."

"रीत ती रीत," छगन म्हणाला. "तुमीच शिकिवली न्हवं का, साहेब."

मी येताना जे बोलायचं म्हणून घोकून आलो होतो, ते सगळं साफ विसरलो. मूळ विचार काय होता, तेही कबूल करतो. छगनला नुसतं समजवायचं, की बाबा, माणूस आहे, चुका होतात, पोरीला जाऊ दे. कागद खिशातच ठेवून परत जायचं. तेवढ्यानेही कदाचित भागलं असतं, कारण तो माझं ऐकायचा. पण त्याचं ते ऐकणंच मला सोसेना.

मी खिशातून कागद काढून त्याच्या हातात दिला. "हा खरा कागद. तू काम केलंस तो. चौकशीत दाखवला तो मी नंतर बनवलेला होता."

छगनने चष्मा लावला. मला वाटलं होतं, समजावून सांगावं लागेल. कसलं काय! त्याने शेवटच्या ओळीवर नख ठेवलं, मग डाव्या हाताची मूठ समोर धरली, जणू मुठीत कनेक्टर आहे, आणि एकेक पिन मोजली. मूठ फिरवली आणि परत मोजली. सृष्टी त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिलाही कळलं, कारण तिने तोंडावर हात ठेवला.

"हे मागनं काढलंय," छगन म्हणाला.

"हो."

"आन् वर समोरनं लिवलंय."

"हो. चूक माझी होती. मला कळली तेव्हा मी कागद बदलला आणि तुझ्याकडून सही घेतली. चहा सांडला म्हणालो होतो, आठवतं?"

"आटवतंय." तो कागदाकडेच बघत होता. "म्हंजे म्या बरूबर जोडलं हुतं."

"अगदी बरोबर."

"माजा हात चुकला न्हवता."

"नव्हता, छगन."

त्याने चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत लावला आणि पुन्हा पहिल्या पिनेपासून मोजायला लागला. मला रडू यायला लागलं, आणि त्याचीही लाज वाटली, कारण इथे रडायचा हक्क माझा नव्हता.

बोलली ती बनुबाई. आवाज चढवला नाही तिने. "भाऊ, तुमी दर दिवाळीला येत हुता. डबा आनत हुता. कागूद तवाबी तुमच्या घरातच हुता न्हवं?"

"होता."

"ह्यो मानूस रातनदिस सोताच्या हाताकडं बगत बसायचा. बायकूला म्हनायचा, माज्यामुळं दर्यावरल्या कोनाची वाट चुकली आसंल. आन् तुमी चकली खावा, चकली खावा करत हुता."

मी म्हणालो, चुकलो. तो शब्द अगदीच तोकडा होता आणि ते आम्हा चौघांनाही कळलं. मी कंपनीला सगळं लिहून कळवतो असंही म्हणालो. तसं पत्र मी सोमवारीच पाठवलं. तिथल्या फाईलमध्ये ते लागलं की कचऱ्यात गेलं, देव जाणे.

"लिवा," छगन म्हणाला. "तितं माजं नाव हाय आजून." मग त्याने कागदाची नीट घडी केली. मला वाटलं, परत देईल. त्याने ती बंडीच्या खिशात ठेवली. "ह्यो मी ठेवतो. सृष्टी जाताना तिच्याबरूबर दीन. कागूद वाचल्याबिगर सही करायची न्हाई, मग म्होरं कोनबी असू दे."

सृष्टीला नोकरीचं उत्तर मिळालं ते असं. ती बापाच्या पायाशी बसली आणि गुडघ्यावर डोकं टेकलं. त्याने तिच्या केसांवरून हात फिरवला, मग तोच हात डोळ्यांसमोर धरून पाहिला, पालथा आणि उताणा.

"पक्कड आन," तो तिला म्हणाला. "आन् तुजी ती टेपची गुंडी."

छगनने पंपाचं बटण बंद केलं, पत्र्यांकडून येणारी वीज तोडली, तारेत वीज उरली नाही ना पाहिलं. घुशीने खाल्लेला तुकडा त्याने कापून टाकला. पहिल्यांदा तार पकडीतून निसटली. दुसऱ्यांदाही निसटली. सृष्टीने मदतीला हात पुढे केला, त्याने मानेनेच नको म्हटलं. तिसऱ्यांदा बसली. मग हात जो चालायला लागला, तो मी बारा वर्षांपूर्वी पाहिलेला हात होता. थोडा सावकाश, इतकंच. ती बारा वर्षं त्याने एकाही तारेला हात न लावता घालवली होती, आणि ती घालवायला लावणारा मी तिथे सावलीत उभा होतो.

काम संपल्यावर त्याने खुंटीवरची वही काढली. तारीख टाकली. केबल जोडली, असं लिहिलं. करणारा, याच्यापुढे सही केली, पूर्वी करायचा तशीच, शेवटी छोटी रेघ ओढून. मी नकळत पुढे झालो आणि खिशातलं पेन काढलं. त्याचं काम आणि माझी नजर, इतकी वर्षं तसंच होतं. मी दुसऱ्या सहीच्या जागी पेन टेकवणार, तेवढ्यात त्याने वही हळूच स्वतःकडे ओढून घेतली.

"तुमी नगं, साहेब," तो म्हणाला.

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं. त्याने वही सृष्टीपुढे धरली.

"आधी एकेक तार वडून बघ. मंग सही."

ती जोडलेल्या केबलपाशी उकिडवी बसली आणि एकेक तार चिमटीत धरून ओढून पाहायला लागली. मी पेनाला टोपण लावलं. बनुबाईने विचारलं, गाडी कितीची हाय? म्हटलं, एकची. आणि कोणी थांबा म्हणालं नाही.